‘हुशार आहे, पण…’ ते अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र

परवा दुकानात एक ओळखीचे गृहस्थ मुलासाठी बुद्धीचं टॉनिक मागायला आले. मुलगा दुसरीत. तोंडी सगळं येतं, वहीत काही उतरत नाही, बाई म्हणतात लक्ष नसतं. मी बाटली परत फळीवर ठेवली आणि त्यांना बसवून घेतलं. बोलणं इतकं लांबलं की बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून समोरच्या दुकानात गेली. तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलीच्या अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला अडण्याचं, एकदा सगळं लिहून काढू.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी, बदामाचं अमुकतमुक ही सगळी टॉनिकं मी वर्षानुवर्षं विकतोय. त्यांनी कुणाची वेलांटी जागेवर आलेली मी पाहिलेली नाही.

माझी मुलगी (इथे तिला सई म्हणू) नोव्हेंबर २०१६ ची. बालवाडीचं वय कोरोनात गेलं, शाळा म्हणजे मोबाइलवर येणारे व्हिडिओ. जून २०२२ मध्ये ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बसली. तिच्या हुशारीबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. दुकानात बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब माझ्या आधी सांगायची. एकदा ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द परत सांगायची. पहिलीत अक्षरं अडायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, “कोरोनातली पोरं, सगळ्यांचंच असं आहे. दिवाळीनंतर येईल.” त्यांचंही खरं होतं, तेव्हा अर्ध्या वर्गाची तीच गत होती. पण दुसरीत बाकीची पोरं पुढं गेली आणि सई तिथंच राहिली.

दुकानातल्या फळ्यांवर मी कामाच्या पोरासाठी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्यात: ताप, खोकला, पित्त, मलम. सई लहानपणापासून मी सांगेन ती वस्तू बरोबर त्या फळीवरून काढून द्यायची. (गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी मी तपासतो, काळजी नसावी.) २०२३ च्या दिवाळीत दुकानाला रंग दिला आणि रॅक इकडचे तिकडे झाले. चिठ्ठ्या त्याच, जागा बदललेल्या. त्या संध्याकाळी तिला एकही गोष्ट सापडेना. रडकुंडीला येऊन म्हणाली, “पप्पा, तुम्ही सगळं हलवून ठेवलंय.” तेव्हा कळलं की ती चिठ्ठ्या वाचतच नव्हती, सगळं दुकान तिच्या डोक्यात नकाशासारखं बसलेलं होतं.

रात्री बालभारती उघडून एक धडा वाचायला सांगितला. घडाघडा वाचला, बोट ओळीवरून फिरत होतं. मग मधल्याच एका शब्दावर माझं बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? ती धड्याच्या सुरुवातीला गेली, मनातल्या मनात पुटपुटत एकेका शब्दावर बोट ठेवत त्या शब्दापर्यंत आली आणि म्हणाली, “झाडावर.” बरोबर होतं. पुढच्या शब्दाला पुन्हा पहिल्यापासून. अख्खा धडा पाठ, आणि एक शब्द सांगायला एवढी पायपीट. सईची आई शेजारी बसली होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

प्रगतिपत्रकावर शेरा होता: ‘हुशार आहे, पण लेखनाकडे दुर्लक्ष.’ सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, रविवारी कधीच नाही. मग ज्याला त्याला उपाय सुचायला लागले. कुणी म्हणालं इंग्लिश मीडियमला टाका, कुणी म्हणालं ट्यूशन लावा. माझी आई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, “अरे, तू तरी पाचवीपर्यंत कुठं धड वाचत होतास?” तेव्हा सगळे हसले. पुढे डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, असं विचारलं, तेव्हा आईचं ते वाक्य कामी आलं. हे रक्तात असू शकतं.

जानेवारी २०२४ मध्ये आधी डोळे तपासले, फी ३००, नंबर नाही. मग कान. श्रवण चाचणीचे ७०० रुपये गेले, ऐकू उत्तम येतं. या दोन तपासण्या आधी उरकून घ्या आणि कागद जपून ठेवा; पुढे प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. मग बालरोगतज्ज्ञ. त्यांनी नाडीबिडी न बघता पहिलं वाक्य टाकलं, “तिच्या वह्या आणल्यात का?” नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नेल्या. त्यांनी वह्या चाळल्या, चिठ्ठी लिहिली आणि मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं.

मानसशास्त्रज्ञ कोल्हापूरला. तारीख पाच आठवड्यांनंतरची, फी ६,००० रुपये, चाचणी दोन बैठकांत. एसटीत सईच्या आईला आणि सईला अर्धं तिकीट, पूर्ण एकट्या माझंच. जाताना आम्ही तिला “परीक्षा आहे” असं सांगितलं नाही, “एक ताई तुझ्याशी खेळणार आहेत” एवढंच सांगितलं. ते फारसं खोटं नव्हतं. ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, चित्रं क्रमाने लावून गोष्ट तयार करणं, शब्दांचे अर्थ, आकडे ऐकून सरळ आणि उलटे म्हणणं, असं सगळं होतं. पालकांना बाहेर बसवतात. तेच बरं, कारण माझ्या तोंडून उत्तर निसटलं असतं.

रिपोर्टमध्ये बुद्ध्यांक सरासरीच्या बराच वर होता. वाचन पहिलीच्या सुरुवातीच्या पातळीचं. ठोकळ्यांत आणि शब्दार्थांत भरपूर गुण, उलटे आकडे म्हणण्यात अगदी कमी. ताई म्हणाल्या, तिची हुशारीच तिची अडचण झाकतेय. पाठांतराच्या जोरावर तिनं दोन वर्षं सगळ्यांना चकवलं. ऐकलेला आवाज आणि कागदावरची खूण यांची सांगड तिच्या मेंदूत सहजासहजी बसत नाही. आळसाचा, लाडाचा किंवा मोबाइलचा त्यात संबंध नाही. आणि आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत अध्ययन अक्षमतेचं सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही.

म्हणजे नोव्हेंबरपर्यंत थांबायचं? मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “कागद नोव्हेंबरला मागा. शिकवणं उद्यापासून सुरू करा.” मला वाटतं या सगळ्या प्रवासात सगळ्यात मोलाचं ते वाक्य होतं. कित्येक पालक प्रमाणपत्राची वाट बघत वर्ष घालवतात, आणि शाळाही म्हणते, कागद आणा मग बघू. वाचायला शिकवण्यासाठी कुठलाच कागद लागत नाही.

आणखी एक. इंग्रजीतल्या लांबलचक रिपोर्टबरोबर शिक्षकांसाठी मराठीत एका पानाचा गोषवारा मागून घ्या. आम्ही मागितला आणि ताईंनी आनंदाने दिला. शाळेत वाचला गेला तो तेवढाच.

शाळेच्या वार्षिक निकालाआधी, मार्चमध्ये, बाईंना भेटलो. त्यांच्याकडे दोन वर्ग एकत्र, वर शिक्षणाबाहेरची सतरा कामं. मी जरा धास्तावूनच गेलो होतो. मागण्या साध्या होत्या: अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, फळ्यावरचं पानभर उतरवून घ्यायला लावू नका, उत्तरं तोंडी विचारा, शुद्धलेखनाचे गुण कापू नका. बाईंनी विचारलं, “वरून कुणी विचारलं तर काय सांगू?” मग त्यांनाच आठवलं. २०१० पासून जे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं आहेच. तोंडी विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. बाईंनी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राचाही पत्ता दिला. समग्र शिक्षा अभियानात तिथं समावेशित शिक्षणाचे (म्हणजे अशा मुलांना सगळ्यांबरोबर शिकवण्याचे) विशेष शिक्षक असतात, फुकट मार्गदर्शन करतात. तालुक्यात अशी सोय आहे हे जन्म इथं काढून मला माहीत नव्हतं. त्यांच्यावर शाळांचा भार इतका की फेरी क्वचित व्हायची, पण फोनवर शंका विचारता यायची.

अशा मुलांसाठीची उपचारात्मक शिकवणी एप्रिलमध्ये लागली. शनिवारी, तासाला ४०० रुपये, शेजारच्या शहरात. खरं काम घरी, रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. जेवणानंतर ती पेंगते आणि आमचा पारा चढतो, हे आठवडाभरातच कळलं. शिकवायची सईची आई. माझ्याकडे गणित.

या पंधरा मिनिटांत काय करायचो ते जरा सविस्तर सांगतो, कारण असं मराठीत लिहिलेलं मला फारसं सापडलं नव्हतं. सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात कधीच शिकवायची नाहीत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. घ पक्का होऊन महिना झाला की मग ध. ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. शब्द टाळ्या वाजवत तोडायचा: पा-व-सा-ळा, चार टाळ्या, मग चार चौकटी, मग प्रत्येक चौकटीत एक अक्षर. आधी कान, मग हात, मग डोळे, असा क्रम.

सगळ्यात जास्त छळलं पहिल्या वेलांटीनं. ‘दिवस’ म्हणताना आधी द ऐकू येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी द च्या आधी उभी. सई कानाने ऐकेल त्या क्रमानं लिहायची, आधी द, मग वेलांटी, मग व, आणि कागदावर व्हायचं ‘दविस’. बाईंनी तांबड्या शाईनं गोल केलेले असे शब्द वहीभर होते. तिच्या बाजूनं पाहिलं तर ती चुकतच नव्हती, जसं ऐकलं तसं लिहीत होती. उपाय असा निघाला: आधी अक्षर पेन्सिलीनं काढायचं, डावीकडे बोटभर जागा सोडून, मग तांबड्या खडूनं वेलांटी मागे जाऊन घालायची आणि म्हणायचं, “इ मागं वळते.” तीन-चार महिन्यांत खडू सुटला, पुटपुटणं मात्र अजून आहे. रफार अजून पुरता आलेला नाही. ‘सूर्य’ मधला र आधी बोलायचा आणि बसवायचा नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. मोठ्यांनाही जड जातं ते, माझ्या दुकानातल्या पाट्या बघा.

गणितात तसाच घोळ आकड्यांच्या नावांचा. पंचवीस म्हटलं की पाच आधी ऐकू येतं, म्हणून ५२. एकोणतीस ऐकलं की ‘एक’ आणि ‘तीस’ पकडून ३१. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली होती, विधानसभेपर्यंत गेलं होतं ते. आमच्या घरात त्याच ‘वीस पाच’नं तारलं. दहा-दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घेऊन बसायचं, दोन नोटा पाच नाणी, वीस पाच, लिही, आणि शेवटी सांगायचं की यालाच लोक पंचवीस म्हणतात. हिशेब तिला येतच होता, फक्त नावं आडवी येत होती.

जून २०२४ ला तिसरी. तेव्हा तिसरीपासून पायाभूत चाचणी (वर्षाच्या सुरुवातीची) आणि संकलित चाचण्यांचे छापील पेपर वरून यायचे. पायाभूत चाचणीत तिनं निम्मा पेपर कोराच ठेवला. त्या दिवशी तिनं विचारलं, “पप्पा, मी ढ आहे का?” सईची आई म्हणाली, “ढ असतीस तर अख्खा धडा पाठ झाला असता का?” ते तिला पटलं असं काही वाटलं नाही, पण दप्तर तिनं उघडलं.

नोव्हेंबरमध्ये आठ पूर्ण झाली. प्रमाणपत्र काढायचं की नाही यावरून घरात वाद झाले. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत आणि त्यात हा एक. म्हणजे कागदावर दिव्यांग असं येणार. थोरल्या बहिणीनं फोनवर सुनावलं, “मुलीची जात आहे, उद्या स्थळं बघताना कुणी हे काढलं म्हणजे?” आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची चिंता! सईच्या आईनं फोन घेतला आणि म्हणाली, “वन्सं, दहावीचा पेपर लग्नाच्या आधी येतो.” विषय मिटला. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात, आणि त्यासाठी हा कागद लागतो.

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज घरूनच मोबाइलवरून भरता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, पालकाची सही. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात लागते, त्यात माझी एक संध्याकाळ गेली; सायबर कॅफेवाल्याला पन्नास रुपये देणं परवडतं. आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे आधी बघा. अर्जाचा नोंदणी क्रमांक येतो, तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला असतो, आधी फोन करून खात्री करा. आम्ही पहाटेच्या गाडीनं जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो आणि दुपारी कळलं की अध्ययन अक्षमतेची चाचणी घेणारं पद तिथं रिकामं आहे. पत्र देऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात, पण पत्रावर सही करणारे साहेब रजेवर. तो दिवस तसाच गेला. परतीच्या गाडीत मी चिडून गप्प होतो. सई मात्र खुशीत होती, कारण एका खिडकीवर टोकनचे आकडे दोनदोननं पुढं सरकतात, हे तिनं हेरलं होतं आणि रांगेतल्या एका आजोबांना त्यांचा नंबर कधी येईल ते तिनं बरोबर सांगितलं होतं.

पत्र मिळालं, मोठ्या रुग्णालयात तारीख मिळाली जानेवारी २०२५ ची. बालरोग, डोळे, नाक-कान-घसा, मग बुद्ध्यांक, मग वेगळ्या दिवशी वाचन-लेखन-गणिताची निम्हान्स चाचणी (बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं तयार केलेली). खासगी रिपोर्ट त्यांनी पाहिला, पण चाचण्या स्वतः पुन्हा घेतल्या. तसंच करतात, वाद घालू नका. आम्ही ताज्या घेतलेल्या चाचणीबद्दल आधीच सांगितलं ते बरं झालं, कारण तीच बुद्ध्यांक चाचणी थोड्या काळात पुन्हा घेतली तर गुण फुगतात. सोबत काय न्यायचं: शाळेच्या लेटरहेडवर वर्गशिक्षकांचं निरीक्षण, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि मूळ वह्या. वह्या खाडाखोडीसकट, जशा आहेत तशा न्या. एक बाई लेकाकडून आदल्या रात्री सुंदर अक्षरात नवी वही लिहून घेऊन आल्या होत्या, त्यांना जुन्या वह्यांसाठी परत जावं लागलं. डबा आणि पाणी न्या. चाचणी सकाळची मागा, दुपारी मूल थकलं की निकाल त्या थकव्याचा येतो. सरकारी तपासणीचा खर्च केसपेपरपुरताच. पैसे गेले ते प्रवासात आणि बंद दुकानात.

मार्चअखेर प्रमाणपत्र पोर्टलवर दिसलं, कार्ड नंतर पोस्टानं आलं. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आहे, मग अठराव्या. पाकीट हातात घेऊन दोघं बराच वेळ बसलो. आनंद म्हणावा तर तसा नव्हता, दुःखही नव्हतं. माझ्या आईनं विचारलं, “आता गोळ्या चालू होणार का?” नाही म्हटल्यावर ती निर्धास्त झाली.

आता सई चौथीत आहे. बसच्या पाट्या वाचते, दुकानातल्या चिठ्ठ्या वाचते, गोष्टीचं पुस्तक दोन पानं झाली की आईकडे देते आणि उरलेलं ऐकते. वाचन वर्गाच्या मागेच आहे. पोटदुखी गेली. शनिवारची शिकवणी चालू आहे, महिन्याला १,६०० रुपये. ते जड जातात, पण तेवढे आम्ही बाजूला काढतो.

आमची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये पाचवीला हायस्कूल, आणि बाईंच्या जागी विषयागणिक नवे सर आणि मॅडम. फाइलमध्ये प्रमाणपत्राच्या आणि त्या एका पानाच्या गोषवाऱ्याच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवल्यात, प्रत्येक विषयशिक्षकाला एकेक. शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटणार. घटक चाचणीचे गुण आल्यावर गेलं की समोरच्याला ती तक्रार वाटते. दुकानात आलेल्या त्या गृहस्थांना श्रवण चाचणीचा पत्ता दिलाय, आणि टॉनिकचे पैसे वाचले त्यात एक रव्याचं पाकीट घ्या म्हटलं.